पुलावरचा भोंगा

माझी मावशी बस चालवायची. हे ऐकलं की लोक आधी तिच्या उंचीकडे बघत, कारण ती जेमतेम माझ्या खांद्याला लागायची, आणि मग हळूच विचारत, पाय पुरतात का? मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "अजूनपर्यंत पुरलेत. पुरले नाहीत तर तुम्हाला मुद्दाम सांगावं लागणार नाही."

गाडी चालवायला तिला तिच्या सासऱ्यांनी शिकवलं. आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणायचो. आजोबांनी उभा जन्म ट्रकवर काढला होता. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारपणात गेले. घरात उरले ते सून आणि सासरे, दोघंही बोलायला फटकळ आणि दोघंही एकमेकांना जपणारे. मावशीने आधी एका दुकानात नोकरी धरली, ती तिला आवडेना. एक दिवस आजोबा जेवता जेवता म्हणाले, "स्वयंपाक तुला या जन्मी जमायचा नाही. निदान गिअर तरी जमतो का बघू." दुसऱ्या दिवसापासून वीटभट्टीमागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. आजोबा ट्रकच्या काचेपाशी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे. पाणी सांडलं की उतरून तिनेच पुसायचं. मावशी सांगायची की पहिले काही दिवस तिने गाडी कमी चालवली आणि जास्त पुसली.

पुढे बस डेपोत तिला घेतलं. सुरुवातीला काही प्रवासी तिची बस आली की वर्तमानपत्रात तोंड घालून पुढच्या बसची वाट बघत. मग एकदा दाट धुक्याच्या दिवशी टेकडीवर एकट्या तिचीच बस वेळेवर पोचली आणि बाकीच्या खालीच अडकल्या. त्यानंतर वर्तमानपत्रं मिटली.

टेकडीवरची वस्ती हाच तिचा कायमचा मार्ग झाला. बस छोटी होती, कंडक्टर नव्हता, तिकीटही तीच द्यायची. संध्याकाळच्या फेरीला ती डेपोतून निघून आधी स्टेशनावर जायची, तिथून बाजारात, आणि बाजारातून घाट चढून वर वस्तीत. स्टेशनावर जी गाडी यायची ती आमच्या भागातली साधी चार डब्यांची गाडी. शहरात कामाला जाणारी वस्तीतली माणसं तिनेच परत यायची. कागदावर सगळं चोख होतं. गाडी येणार, माणसं उतरणार, चालत बसपर्यंत येणार, बस निघणार.

पण त्या मार्गावर रूळ एकच होता. आधीच्या स्टेशनावर मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी थांबायची, आणि मालगाडी आपल्या मर्जीची मालक. कधी आमची गाडी थोडी उशिरा यायची, कधी बरीच. वेळेवर आली असं मात्र कुणाला आठवत नव्हतं. बस चुकली की पुढची बस दोन तासांनी. नाहीतर घाट पायी चढायचा.

नियमाप्रमाणे मावशीने वेळ झाली की निघायचं, आणि ती निघायची. नियम मोडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मग थंडीतल्या एका संध्याकाळी ती बस वळवत असताना तिला आरशात स्टेशनाचं दार दिसलं. दारातून माणसं धावत बाहेर येत होती. सगळ्यांत पुढे नर्सबाई होत्या, वस्तीत राहणाऱ्या आणि शहरातल्या दवाखान्यात दिवसपाळी करणाऱ्या. एका हाताने पिशवी सांभाळत, दुसरा हात वर करून त्या धावत होत्या. मग थांबल्या. हात हळूच खाली घेतला, जणू कुणी बघितलं नसेल तर बरं. मावशी त्या दिवशी थांबली नाही, पण घरी आल्यावर तिने ताट तसंच सरकवलं. आजोबांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "तो खाली गेलेला हात डोळ्यांसमोरून जात नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती थांबायला लागली.

थांबणं सोपं नव्हतं. बाजारातली माणसं तिकडे थंडीत खोळंबायची आणि बस आली की तिलाच बोलायची. बसमध्ये आधीच बसलेले घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकायचे. त्यांत एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. ते स्वतः कुठेही वेळेवर पोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण दुसऱ्याच्या उशिराचा हिशेब त्यांच्याइतका कुणी ठेवत नसे. डेपोच्या मॅनेजरांनीही मावशीला बोलावून समज दिली. खरी अडचण अशी होती की गाडी जवळ आली आहे की अजून तिकडेच अडकली आहे, हे तिला कळायला मार्ग नव्हता. ही मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. बस सोडून फलाटावर जायची परवानगी नव्हती, आणि मधे मालधक्क्याची उंच भिंत, त्यामुळे रूळ दिसत नसत. दिसायचा तो फक्त लांबचा नदीवरचा पूल, तोही धुकं नसेल तेव्हाच. स्टेशनाआधी गाडी त्या पुलावरून वळून यायची.

एका संध्याकाळी मावशी अगदी टेकीला आली होती. बाजारातल्यांची तोंडं डोळ्यांसमोर येत होती, मागून घड्याळकाकांचे सुस्कारे येत होते. तिने गाडी सुरू केली, दिवे लावले, आणि तेवढ्यात पुलावर उजेड दिसला. त्याच्या पाठोपाठ भोंगा वाजला, एक लांब आणि लगेच दोन आखूड. त्या पुलावर याआधी भोंगा कधीच वाजला नव्हता. मावशीने गाडी बंद केली. नर्सबाई आणि बाकीची मंडळी आली, बसली, बस निघाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक लांब, दोन आखूड. तिसऱ्या दिवशी मावशीने मुद्दाम लक्ष ठेवलं आणि तिच्या ध्यानात आलं की पुलावरून स्टेशनाबाहेरचा रस्ता दिसत असणार. इंजिनात जे कोणी आहे त्याला बसचे दिवे दिसतात, आणि तो सांगतो आहे, थांब, आलोच. त्या दिवशी भोंगा वाजल्यावर तिने बसचे दिवे दोनदा मिचकावले. पुलावरून लगेच एक छोटासा भोंगा आला. बरं, कळलं, असं म्हटल्यासारखा.

आता तिचं काम सोपं झालं. वेळ झाल्यावर ती थोडी वाट बघायची. भोंगा वाजला की थांबायचं, नाही वाजला तर गाडी अजून लांब आहे असं समजून बाजाराकडे निघायचं. माणसं तक्रार करेनाशी झाली. घड्याळकाकासुद्धा भोंगा झाला की मान डोलवायचे.

पण रिकाम्या डोक्यांना काहीतरी उद्योग लागतोच. बसमध्ये रोज त्याच सीटवर बसणाऱ्या दोघी जावा होत्या, स्टेशनासमोर शिवणकामाचं दुकान चालवायच्या आणि संध्याकाळी तिथूनच बसमध्ये चढायच्या. भोंग्याला मावशी दिव्यांनी उत्तर देते हे त्यांच्या नजरेतून कसं सुटणार? धाकटी जाऊ म्हणाली, रोज कोण कुणासाठी एवढं करतं? थोरली म्हणाली, करणारे करतात, ओळखणाऱ्याने ओळखावं. आठवडाभरात सगळ्या बसने मावशीचं लग्न इंजिनड्रायव्हरशी ठरवून टाकलं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग असं म्हणतात. इथे नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि बाशिंग वऱ्हाडानेच बांधलं होतं. तो कसा दिसतो याचीही चर्चा व्हायची. माणसं उतरायची मागच्या डब्यांतून, इंजिन पुढे फलाटाच्या पार टोकाला, आणि गाडी लगेच सुटायची, त्यामुळे कुणी त्याला धड पाहिलं नव्हतं. घड्याळकाकांनी मात्र छातीठोकपणे सांगितलं की त्यांनी पाहिला आहे. अंगाने भरलेला, डोक्याला टोपी, आणि झुपकेदार मिशी.

मावशी हे सगळं ऐकायची आणि पुढच्या काचेकडे बघत बसायची. एकदाच म्हणाली, "ज्याला कुणाला लग्न लावायचं असेल त्याने खाली उतरून लावावं. माझ्या बसमध्ये फक्त तिकीट मिळतं."

पण त्या हिवाळ्यात तिने एक नवा तपकिरी रुमाल घेतला, गळ्याशी बांधायला. आणि संध्याकाळच्या फेरीआधी डेपोतल्या आरशासमोर ती जरा जास्त वेळ उभी राहायला लागली. हे मी पाहिलं, कारण तेव्हा मी डेपोसमोरच्या औषधाच्या दुकानात कामाला होते आणि चहाला तिच्याकडे जायची.  ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थंडी आहे." मी म्हटलं, आहे खरी.

गोष्ट आजोबांच्या कानावर गेली. कुणी सांगितली ते त्यांनी शेवटपर्यंत फोडलं नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. आजोबांनी घसा खाकरला आणि सुनेला म्हणाले, "हे बघ, तू पुन्हा लग्न करणार असशील तर मला विचारायचं नाही. विचारायला तू लहान नाहीस. फक्त वेळेवर सांग. मला कोट शिवायला टाकावा लागेल."

मावशीच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती लाल झाली, मग चिडली, मग म्हणाली की मी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या सासूने लग्नाआधी माझं पाहिलं होतं. त्याने काय फायदा झाला?" आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच त्या जावांच्या दुकानात जाऊन माप देऊन आले.

मग एका संध्याकाळी भोंगा वाजलाच नाही.

मावशीने वाट पाहिली, पुलाकडे बघत राहिली, शेवटी निघाली. घाटाच्या पहिल्या वळणावर तिला खाली पुलावरून गाडी येताना दिसली, दिवे लावलेली आणि मुकी. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. एकदा तर गाडी पुलावर असताना तिने दिवे मिचकावून पाहिले. उत्तर आलं नाही. पुलावर उजेड दिसला की ती थांबायची, पण संध्याकाळी पुलावर धुकं उतरायचे दिवस होते ते, आणि बरेचदा काहीच दिसायचं नाही. माणसांची बस पुन्हा चुकू लागली. नर्सबाई एकदा घाट पायी चढून आल्या. बसमधली मंडळी म्हणाली, बिचाऱ्याची बदली झाली असेल. धाकटी जाऊ म्हणाली, पुरुषाची जात, दुसरं काय. मावशीने तिला इतक्या जोरात तिकीट दिलं की ते फाटलं.

त्या दिवसांत मावशीशी बोलायची सोय नव्हती. घरी भांडी आपटायची, डेपोत कुणाशी धड बोलायची नाही. रुमाल कपाटात गेला. चार दिवस आजोबांनी सहन केलं, मग म्हणाले, "गाडी बंद पडली तर आपण बॉनेट उघडतो. रस्त्यात बसून रडत नाही. जा आणि बघून ये."

"कुठे जाऊ?"

"गाडी जिथे थांबते तिथे. रेल्वे काही आकाशात जात नाही."

सुट्टीच्या दिवशी मावशी स्टेशनावर गेली. तिने मलाही ओढून नेलं, म्हणे सोबतीला. रोज त्या गाडीची वाट बघणारी बाई, पण त्या गाडीत ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असली की तिला चैन पडत नसे. सबंध प्रवासभर तिचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. शेवटचं स्टेशन आलं, डबे रिकामे झाले. मावशीने कपाटातून परत काढलेला तो रुमाल नीट केला आणि ती फलाटावरून इंजिनाकडे चालू लागली. मी चार पावलं मागे.

इंजिनाचं दार उघडलं. आधी एक स्टीलचा डबा बाहेर आला, मग एक बूट, मग एक चांगली धिप्पाड बाई. डोक्यावर टोपी, आखूड केस, वय मावशीएवढंच, आणि नाकाखाली काळ्या तेलाचा आडवा डाग. मावशीने तिच्या खांद्यावरून आत वाकून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"ड्रायव्हर कुठेत?" मावशीने विचारलं.

"तुमच्यासमोर," बाई म्हणाली. "तक्रार असेल तर स्टेशनमास्तरांकडे."

मावशीने मान वर करून त्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाली, "टेकडीची बस मी चालवते."

त्या बाईने डबा खाली ठेवला. मावशीकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेना. हसत हसत तिथल्या बाकावरच बसली. तिने जे सांगितलं त्याचा सारांश असा, की त्यांच्या ड्रायव्हरांच्या खोलीतही हिवाळाभर हाच विषय होता. रोज दिवे मिचकावणारा तो बसवाला कोण, म्हणून तिचे सहकारी तिला छळत होते. एकाने तर त्याला पाहिल्याचंही सांगितलं होतं, उंच आणि दाढीवाला.

"मला मात्र पहिल्यापासून शंका होती," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्यासाठी रोज इतका थांबणारा बाप्या मी काही अजून पाहिला नाही."

मग मावशीही हसली. मी तिला असं हसताना काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दोघींनी मिळून बाकावर चहा घेतला, मीही घेतला. भोंग्याचं कारणही कळलं. पुलाशेजारी नवी घरं झाली होती. त्यातल्या एका घरातलं तान्हं मूल नेमकं त्या वेळी झोपायचं आणि भोंग्याने दचकून उठायचं. त्याच्या वडिलांनी अर्ज दिला. वरून हुकूम आला की पुलावर गरज नसताना भोंगा वाजवायचा नाही. यात कुणाची चूक काढणार? ड्रायव्हरबाई म्हणाली, "मला तुमचे दिवे दिसायचे. उत्तर देता येत नव्हतं. फार कसंतरी व्हायचं, ओळखीचा माणूस समोरून यावा आणि आपण मान फिरवावी तसं."

परतीच्या गाडीत मावशी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "थोडंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण बरं त्याहून जास्त वाटलं." मग जरा वेळाने म्हणाली, "आता बाबांच्या कोटाचं काय करायचं?"

कोट शिवून तयार होता. पुढच्या सुट्टीला रेल्वेमावशी, मी तिला तेव्हापासून असंच म्हणते, घरी जेवायला आली तेव्हा आजोबांनी तो घातला. पैसे दिलेत तर घालणारच, म्हणाले. जेवताना दोघांची जुंपली. आजोबांचं म्हणणं, ज्याला स्टिअरिंगच नाही ते चालवणं कसलं? रेल्वेमावशीचं म्हणणं, तुम्हाला रोज कुठे वळायचं ते ठरवत बसावं लागतं, केवढा वैताग, आमचं एकदाच कुणीतरी ठरवून टाकलंय. आजोबांना इतका जोरदार प्रतिस्पर्धी बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी तिला दुसऱ्यांदा आग्रह करून वाढलं, जे ते कुणालाच करत नसत. मावशीच्या हातचं होतं ना.

हसून झालं तरी मूळ घोडं तिथेच अडलेलं होतं. माणसांची बस चुकतच होती. मावशीने याआधीच मॅनेजरांना बसची वेळ थोडी पुढे न्यायची विनंती केली होती. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांचं म्हणणं असं की रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी वेळेवर येते. तिला उशीर होतो असं धरून आम्ही आमचं वेळापत्रक केलं तर रेल्वेवाले म्हणतील, तुम्ही आम्हाला नावं ठेवता. रेल्वेमावशीने तिच्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मालगाडीसाठी थांबणं हा उशीर धरतच नाहीत, त्यामुळे कागदावर गाडी उशिरा नाहीच, मग वेळ बदलायची कशाला? दोन्हीकडे माणसं समजूतदार होती आणि दोन्हीकडून उत्तर नाही असंच होतं.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. आजोबा ऐकत होते आणि मिठाची बाटली, तिखटाची बाटली, पाण्याचा पेला आणि दोन चमचे इकडून तिकडे सरकवत होते. मग म्हणाले, "उलटी फिरव ना बस."

कुणाला काही समजेना. त्यांनी मिठाची बाटली दाखवली. हा डेपो. तिखट म्हणजे बाजार, पेला म्हणजे स्टेशन. घाटाचा रस्ता दोन्हींच्या मधून निघतो. आता बस आधी स्टेशनावर जाते आणि मग बाजारात. त्याऐवजी ती आधी बाजारात गेली, तिथली माणसं घेतली आणि मग स्टेशनावर आली, तर तेवढ्या वेळात गाडी पोचलेली असेल. वेळ तीच, बस तीच, फक्त क्रम उलटा. "आणि रेल्वेला उशीर होतो असं कुणाला लिहावंही लागणार नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी मीठ परत जागेवर ठेवलं.

दोघी मावश्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढी साधी गोष्ट इतके दिवस आपल्या डोक्यात कशी आली नाही, असं दोघींच्याही चेहऱ्यावर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दोघी मिळून मॅनेजरांकडे गेल्या. रेल्वेमावशी गणवेशात गेली होती, कारण त्याचा जरा दरारा पडतो असं तिला वाटत होतं. मॅनेजरांनी नकाशा बघितला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग विचारलं, यात रेल्वेचं नाव कुठे घ्यावं लागेल का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. महिनाभर करून बघू, म्हणाले. त्यांना एकच भीती होती, बाजारातली माणसं उगाच वळसा पडला म्हणून ओरडतील.

ती ओरडलीच. पहिल्या दिवशी बाजारात चढलेल्या प्रत्येकाने मावशीला विचारलं की बस तिकडे कशाला. मावशीने प्रत्येकाला सांगितलं, माणसं आणायला. बस स्टेशनासमोर आली तेव्हा गाडी नुकतीच लागत होती. नर्सबाई दारातून बाहेर आल्या, सवयीने धावायला लागल्या, आणि बस जागेवर उभी दिसल्यावर चालायला लागल्या. ते चालणं मावशी आरशातून बघत होती. त्या दिवशी घरी येऊन तिने दोनदा वाढून घेतलं, आणि तेही स्वतःच्या हातचं.

सगळेच खूश झाले असं मात्र नाही. पूर्वी स्टेशनावर चढणाऱ्यांना बसायला जागा मिळायची आणि बाजारातले उभे राहायचे. आता उलटं झालं. घड्याळकाका स्टेशनावर चढायचे, त्यांची खिडकी गेली. ते पुढे कित्येक महिने घाटभर दांडा धरून उभे असायचे आणि सांगायचे की जुनी पद्धत काही वाईट नव्हती. बाजारातल्यांना मात्र थंडीत खोळंबावं लागेनासं झालं, त्यामुळे महिना संपल्यावर क्रम परत बदलायचा विषय कुणी काढलाच नाही.

बसमधल्या वऱ्हाडाला खरी गोष्ट अजून कळली नव्हती. मावशीने सांगितली नव्हती. भोंगा बंद झाल्यापासून तिला दुःखात समजून सगळे तिच्याशी जरा हळुवार बोलत, आणि ते तिला गैरसोयीचं वाटत नव्हतं. मग एका सुट्टीला रेल्वेमावशी वस्तीत जायला निघाली, टेकडीवरून नदी कशी दिसते ते बघायला. ती साध्या कपड्यांत पुढच्या सीटवर बसली होती. थोरल्या जावेने खाजगी आवाजात, म्हणजे सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या, मावशीला विचारलं की त्यांचं काही कळलं का हो?

मावशीने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून पुढच्या सीटकडे हात केला. "हाच तो तुमचा नवरदेव. काय विचारायचं ते विचारा."

 पहिल्यांदा नर्सबाई हसल्या, मग धाकटी जाऊ, आणि मग कुणाला कुणाचं ऐकू येईना. सगळ्यांच्या माना हळूहळू घड्याळकाकांकडे वळल्या. ते दांडा धरून उभे होते, लपायला जागा नव्हती.

"मिशी मी लांबून पाहिली होती," ते म्हणाले.

"तेल लागलेलं असतं हो," रेल्वेमावशी म्हणाली. "पुसायचं राहून जातं." त्यांची लाज तिने अशी झाकून घेतली, म्हणून पुढे घड्याळकाकांनी तिचं हातातलं घड्याळ आयुष्यभर फुकट दुरुस्त केलं. ते तरीही मागेच पडायचं.

दोघींची मैत्री मग चांगलीच मुरली. पुढे आजोबा थकले तेव्हा पाळ्या लावून रेल्वेमावशीही त्यांच्याजवळ बसायची, आणि स्टिअरिंगचा वाद त्यांनी शेवटच्या आजारपणातही सोडला नाही. ते गेले तेव्हा ती माझ्या मावशीइतकीच रडली. नंतर दोघी एका वर्षाच्या अंतराने निवृत्त झाल्या. कुठे राहायचं हा प्रश्न होता, तो फार वेळ टिकला नाही. रेल्वेमावशी आपलं सामान घेऊन टेकडीखालच्या घरात आली. स्वयंपाक तिने हातात घेतला, कारण, ती म्हणाली, मला अजून काही वर्षं जगायचं आहे.

निवृत्तीनंतर दोघी पहिल्यांदा फिरायला म्हणून बाहेर पडल्या त्या तलावातल्या लाँचने. पलीकडच्या काठावर एक बाग होती, ती बघायची असं ठरलं होतं. मी त्यांना धक्क्यावर सोडायला गेले होते. दोघींनी आधी लाँचवाल्याकडे संशयाने पाहिलं. मावशीने त्याला विचारलं, ब्रेक कुठे असतो? त्याने सांगितलं, ब्रेक नसतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तरीही चढल्या, मला ते मोठं धाडसाचं वाटलं.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी विचारलं, बाग कशी होती? मावशी म्हणाली, माहीत नाही. झालं होतं असं की लाँच सुरू झाली, मंद हेलकावे, ऊन, पाण्याचा आवाज, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय आहे ते बघायची जबाबदारी दोघींपैकी कुणावरच नव्हती. दोघींनाही गाढ झोप लागली. बागेचा धक्का आला आणि गेला. लाँचवाल्याने हाका मारून पाहिल्या म्हणे. त्या जाग्या झाल्या त्या थेट शेवटच्या धक्क्यावर, जिथे एक चहाचं दुकान आणि बांधून ठेवलेल्या दोन होड्या याखेरीज काही नव्हतं. तिथे त्यांनी चहा घेतला, होड्या बघितल्या आणि त्याच लाँचने परत आल्या.

"मग आता बाग बघायला परत कधी जाणार?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," रेल्वेमावशी म्हणाली. "पण बागेचं नक्की नाही. झोप फार छान लागते."